तापलेलें यंत्र आणि घरगुती चिकित्सा

ताप हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे, असें जुने वैद्य सांगत आले आहेत. तरीहि घरांत कोणी तापानें फणफणला कीं प्रथम हात जातो तो पांघरुणाकडे. घोंगडी अंगावर टाकावी, घाम काढावा आणि ताप उतरला कीं दुखणें गेलें असें समजावें, ही रीत घरोघर चालत आली आहे. पुष्कळदां माणूस बराहि होतो. पण तो घोंगडीनें बरा झाला कीं घोंगडी असूनहि बरा झाला, हें कोणी विचारीत नाहीं. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं हीच चिकित्सा एका यंत्रावर झाली. यंत्र खेळाचें होतें, रोग उष्णतेचा होता, आणि पांघरूण घालणारे लोक चांगले शिकलेसवरलेले होते. ह्या चिकित्सेचा इतिहास लहानसा आहे. परंतु गुण येणें निराळें आणि कारण कळणें निराळें, हा भेद त्यांत जितका स्वच्छ दिसतो तितका मोठमोठ्या इतिहासांतहि क्वचितच दिसतो.

अमेरिकेंतील मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २२ नोव्हेंबर २००५ रोजीं 'एक्सबॉक्स ३६०' नांवाचें यंत्र विक्रीस काढलें. अशा यंत्राला कन्सोल म्हणतात. तें टेलिव्हिजनला जोडावयाचें, कळींचा मुठीएवढा खोका हातांत धरावयाचा आणि पडद्यावरील खेळ खेळावयाचा. बाहेरून पाहिलें तर ती एक सुबक पांढरी पेटी. पण तिच्या पोटांतील सामग्री त्या काळच्या उत्तम घरगुती संगणकाच्या तोडीची होती. हिशेबाचें काम करणारी मुख्य चिप आयबीएम कंपनीच्या साहाय्यानें तयार झालेली असून तिच्यांत तीन गाभे होते, आणि प्रत्येक गाभा सेकंदाला ३२० कोटी ठोके देत असे. चित्रें रेखाटणारी दुसरी चिप एटीआय कंपनीनें आंखलेली होती. एवढी शक्ति एवढ्याशा पेटींत कोंडली म्हणजे उष्णता होणारच. ती बाहेर काढण्यासाठीं दोन्ही चिपांवर धातूचे पापुद्रेदार ठोकळे बसविले होते आणि पाठीमागें पंखे लावले होते. मुख्य चिपवरील ठोकळा चांगला उंच होता. चित्रांच्या चिपवर मात्र तबकडी वाचणारी पेटी येत असल्यामुळें तिच्या वांट्याला बुटका ठोकळा आला. उष्णता अधिक आणि वाट अरुंद, अशी ही मूळची अडचण होती.

यंत्र चालूं करण्याच्या कळीभोंवतीं चार भागांचें एक प्रकाशवलय होतें. तें हिरवें असेपर्यंत सर्व ठीक समजावयाचें. चारहि भाग तांबडे झाले तर टेलिव्हिजनची तार नीट बसलेली नाहीं. दोन भाग तांबडे झाले तर यंत्र फाजील तापलें आहे. आणि तीन भाग तांबडे होऊन लुकलुकूं लागले तर आंतील कांहीं तरी बिघडलें आहे, असा त्याचा संकेत होता. हा शेवटचा संकेत अमेरिकेंतील व युरोपांतील घराघरांतून दिसूं लागला आणि लोकांनीं त्याला 'मृत्यूचें तांबडें वलय' असें नांव दिलें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तापण्याची खूण दोन दिव्यांची होती. तीन दिव्यांची नव्हती. 'हा केवळ ताप नव्हे' असें रोगी स्वतःच सांगत होता. ऐकणाऱ्यांनीं मात्र ताप तेवढा ऐकला.

कंपनीनें आरंभीं बिघाडाचें प्रमाण ३ ते ५ टक्के, म्हणजे अशा धंद्यांत नेहमीं असतें तेवढेंच, असल्याचें सांगितलें. पण गिऱ्हाइकाची अडचण टक्क्यांची नव्हती, पैशांची होती. यंत्राची किंमत ३९९ डॉलर, हमीची मुदत अमेरिकेंत अवघी ९० दिवस, आणि मुदतीनंतर दुरुस्तीचा आकार सुमारें १४० डॉलर. म्हणजे वाढदिवसाला घेतलेल्या वस्तूवर चार महिन्यांतच तिच्या किंमतीचा तिसरा हिस्सा पुन्हां मोजावयाचा. डिसेंबर २००६ मध्यें हमीची मुदत एक वर्षाची झाली, तरी जुन्या गिऱ्हाइकांची चिंता मिटली नाहीं. मग घरांतील थोरला मुलगा किंवा हौशी बाप पेंचकस हातांत घेऊन बसला, ह्यांत नवल तें काय? घरगुती चिकित्सेचा जन्म अज्ञानांतून झाला असें म्हणणें अन्यायाचें होईल. तो निकडींतून झाला.

ह्या चिकित्सेच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली पायरी टॉवेलाची. बंद पडलेलें यंत्र जाड टॉवेलांत चोहोंकडून गुंडाळावयाचें, हवेचीं सर्व भोंकें बुजवावयाचीं आणि तें तसेंच पंधरा-वीस मिनिटें चालूं ठेवावयाचें. मग टॉवेल काढून यंत्र निवूं द्यावयाचें. आश्चर्य असें कीं, अनेकदां वलय पुन्हां हिरवें होई. तापलेल्या यंत्राला आणखी तापवून बरें करण्याचा हा उपाय तोंडोतोंडीं पसरला. त्यांत आग लागण्याचें भय उघड होतें. परंतु आपलें मेलेलें यंत्र उठून बसलेलें डोळ्यांनीं पाहिलेल्या माणसाला भय सांगून काय उपयोग?

दुसरी पायरी बोल्ट व वायसरांची. धातूचे ते ठोकळे मुख्य पट्टीच्या पाठीमागून फुलीच्या आकाराच्या पोलादी चापांनीं ताणून धरलेले होते. चापाच्या ताणानें पट्टी वांकते आणि चिपचे जोड उखडतात, असें हौशी कारागिरांचें अनुमान होतें. म्हणून ते चाप काढून टाकीत, त्यांच्या जागीं बोल्ट आणि वायसर बसवून ठोकळा पक्का आवळीत, आणि चिप व ठोकळा ह्यांमधील वाळलेला लेप खरवडून नवा लावीत. ह्या सामानाच्या तयार पुड्याहि विकत मिळूं लागल्या. तीनहि पायऱ्यांत हीच सर्वांत शहाणपणाची होती; कारण नवा लेप आणि स्वच्छ केलेली धूळ ह्यांनीं यंत्र खरोखरच थंड राहतें.

तिसरी पायरी अग्नीची. गरम हवेच्या बंदुकीनें चिप भाजावयाची, किंवा सबंध पट्टी काढून स्वयंपाकघरांतील भट्टींत ठेवावयाची. हेतु असा कीं, चिपखालचा डाख वितळावा आणि पुन्हां घट्ट बसावा. डाख म्हणजे कारागीर ज्याला सोल्डर म्हणतात तो. ह्या अनुमानालाहि आधार नव्हता असें नाहीं. जुना डाख कथील व शिसें ह्यांचा असे आणि तो १८३ अंशांवर वितळे. शिसें विषारी असल्यामुळें युरोपीय संघानें १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत्-उपकरणांत त्याला बंदी केली, आणि कारखानदार कथील, चांदी व तांबें ह्यांच्या बिनशिशाच्या डाखाकडे वळले. हा नवा डाख सुमारें २१७ अंशांवर वितळतो आणि कांहीं बाबतींत जुन्यापेक्षां ठिसूळ असतो. तेव्हां दोष ह्या नव्या डाखाचा, असें लोकांनीं ठरवून टाकलें.

इकडे घरोघर ही चिकित्सा चालूं असतां कंपनींतहि स्वस्थता नव्हती. त्या वेळीं ह्या खात्याचे प्रमुख पीटर मूर होते. त्यांनीं पुढें अनेक वर्षांनीं सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें, सर्व बिघडलेलीं यंत्रें पदरच्या खर्चानें परत आणून दुरुस्त करावयाचीं तर ११५ कोटी डॉलर लागतील, त्यांतील २४ कोटी तर नुसत्या ने-आणीचे, असा हिशेब घेऊन ते मुख्याधिकारी स्टीव्ह बाल्मर ह्यांच्यापुढें उभे राहिले. आणि बाल्मर ह्यांनीं फारसे आढेवेढे न घेतां संमति दिली. ५ जुलै २००७ रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, तीन तांबड्या दिव्यांच्या बिघाडाला खरेदीपासून तीन वर्षें हमी राहील, आणि ज्यांनीं दुरुस्तीचे पैसे भरले असतील त्यांना ते परत मिळतील. ह्यासाठीं १०५ ते ११५ कोटी डॉलरांचा बोजा तिनें आपल्या हिशेबीं मांडला. खेळण्याच्या एका पेटीसाठीं एवढी रक्कम बाजूला काढण्याचा प्रसंग विरळाच.

परंतु ह्या औदार्याची एक बाजू कडू होती. पेटीवर कंपनीचें मोहोरबंद लेबल असे आणि तें फाडून पेटी उघडली कीं हमी संपली, असा नियम होता. त्यामुळें ज्यांनीं धीर धरून यंत्र अडगळींत टाकलें होतें त्यांना तें फुकट दुरुस्त करून मिळालें, आणि ज्यांनीं कष्ट करून बोल्ट आवळले होते ते दाराबाहेर राहिले. उद्योगी माणसाला शिक्षा आणि स्वस्थ बसलेल्याला बक्षीस, असा हा उलटा न्याय झाला. पुढें २०१८ मध्यें अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगानें अशा लेबलांविषयीं सहा कंपन्यांना ताकीद दिली. त्यांत मायक्रोसॉफ्टहि होती. पण तोंपर्यंत तीं यंत्रें केव्हांच भंगारांत गेलीं होतीं.

रोग किती पसरला होता ह्याचा एक बाहेरचा पुरावा २००९ मध्यें मिळाला. उपकरणांची वाढीव हमी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड ह्या कंपनीनें सुमारें १६,००० यंत्रांच्या नोंदी तपासल्या. दोन वर्षांत बंद पडण्याचें प्रमाण निन्टेन्डोच्या 'वी' यंत्राचें २.७ टक्के, सोनीच्या 'प्लेस्टेशन ३' चें १० टक्के, आणि एक्सबॉक्स ३६० चें २३.७ टक्के आढळलें. म्हणजे चारांतलें जवळजवळ एक. आरंभींच्या ३ ते ५ टक्क्यांचा हिशेब ह्या आंकड्यापुढें टिकण्यासारखा नव्हता.

मग खरें कारण कोणतें? तें समजण्यास चिपची ठेवण डोळ्यांपुढें आणली पाहिजे. ती एखाद्या दुमजली घरासारखी असते. वरच्या मजल्यावर सिलिकॉनचा पातळ तुकडा. तो शेंकडों अतिसूक्ष्म डाखबिंदूंनीं एका लहान तळपट्टीला जोडलेला. ती तळपट्टी खालच्या मजल्यावर, डाखाच्या मोठ्या गोळ्यांनीं मुख्य पट्टीला जोडलेली. घरगुती कारागिरांनीं संशय घेतला तो खालच्या मजल्याचा, कारण हत्यार पोंचण्यासारखा तोच होता. परंतु २०२१ मध्यें मायक्रोसॉफ्टनें प्रसिद्ध केलेल्या माहितीपटांत मूळच्या अभियंत्यांनीं सांगितलें तें निराळेंच. तुटणारे जोड मुख्य पट्टीवरचे नव्हते. ते चिपच्या स्वतःच्या पोटांतले होते. आणि ते नुसत्या तापानें तुटत नव्हते. तापणें व निवणें ह्यांच्या फेऱ्यांनीं तुटत होते. सिलिकॉन आणि त्याखालील तळपट्टी उष्णतेनें सारख्या प्रमाणांत प्रसरण पावत नाहींत. यंत्र चालूं झालें कीं दोघांची ओढाताण, बंद झालें कीं उलटी ओढाताण. तार एकदां वांकविली तर तुटत नाहीं. त्याच जागीं पुन्हां पुन्हां वांकविली म्हणजे तुटते. येथें तेंच झालें. हा रोग एकट्या मायक्रोसॉफ्टच्याच घरीं आला होता असेंहि नाहीं. एनव्हिडिया कंपनीनें जुलै २००८ मध्यें लॅपटॉप संगणकांतील आपल्या कांहीं चिपांच्या बांधणींतील दुबळ्या द्रव्यासाठीं १५ ते २० कोटी डॉलरांचा बोजा जाहीर केला, तोहि ह्याच जातीचा होता.

हें कळल्यावर टॉवेलाचें कोडें आपोआप सुटतें. टॉवेलांत गुंडाळलेल्या यंत्रांत २१७ अंश उष्णता होणें शक्यच नाहीं. त्याच्या किती तरी आधीं यंत्र स्वतःच बंद पडतें. म्हणजे डाख वितळून जोड सांधला गेला, ही समजूत साध्या अंकगणितापुढेंहि उभी राहत नाहीं. होत असे तें एवढेंच कीं, उष्णतेनें भाग फुगत आणि तुटलेल्या जोडाचीं दोन टोकें एकमेकांना चिकटत. बोल्टांच्या दाबानें वरून रेटा बसला कीं तोच परिणाम होई. भेग बुजलेली नसे. तिचे कांठ कांहीं काळ टेकलेले असत. म्हणून गुण येई, आणि म्हणूनच कांहीं दिवसांत, फार तर कांहीं महिन्यांत, वलय पुन्हां तांबडें होई. इतकेंच नव्हे तर टॉवेलाची प्रत्येक खेप ही तापण्यानिवण्याची आणखी एक, आणि तीहि नेहमींपेक्षां कडक, फेरी असे. औषध म्हणून जें दिलें जात होतें तेंच रोगाचें अन्न होतें.

खरा उपाय शेवटीं कारखान्यांतच झाला. चिपा लहान व कमी उष्ण होत गेल्या. २००८ च्या अखेरीस आलेल्या यंत्रांत चित्रांची चिप नव्या घडणीची होती आणि बिघाड पुष्कळ उतरला. जून २०१० मधील सडपातळ यंत्रांत दोन्ही चिपा एकत्र आल्या आणि तो जुना रोग मागें पडला. २०१६ मध्यें ह्या यंत्राचें उत्पादन थांबलें. आणि २०२१ मध्यें त्याच कंपनीनें त्या तांबड्या वलयाचें चित्र छापून तें भिंतीवर लावण्यासाठीं विकलें! एके काळीं ज्या खुणेनें तिची झोंप उडविली ती आतां शोभेची वस्तु झाली.

घरगुती कारागिरांना ह्या हकीकतींत हंसण्याचें कारण नाहीं. त्यांच्यामुळें अनेक मुलांना पेटीचें झांकण उघडून आंत पाहण्याचें धैर्य आलें, आणि पेंचकस, लेप व पंखा ह्यांची ओळख झाली. धूळ झाडणें, यंत्राभोंवतीं हवा खेळती ठेवणें, वाळलेला लेप बदलणें हे त्यांचे उपाय कोणत्याहि यंत्राला आजहि हितकारकच आहेत. त्यांची चूक हात घालण्यांत नव्हती. वलय हिरवें झालें त्या क्षणीं त्यांनीं विचार थांबविला, ही चूक होती. वास्तविक चौकशीला खरा आरंभ तेथूनच व्हावयास पाहिजे होता. बंद पडलेलें यंत्र प्रश्न तरी विचारतें. पण कारण न कळतां चालूं झालेलें यंत्र, उत्तर मिळालें असें भासवून, प्रश्नच मिटवून टाकतें. घोंगडीखालीं ताप उतरला तरी वैद्याला बोलवावेंच लागतें, हें घरांतील वडील माणसें जाणतात. टॉवेलाच्या ह्या हकीकतीचें सार त्याहून निराळें नाहीं.