डॉलर आटले, रुपये झाले

चिंचवड म्हटलं की आज कारखाने आठवतात, फार तर मोरया गोसावींची समाधी. पेशवाईत याच गावात टांकसाळ होती, रुपये पाडले जात. जवळच्या पुण्याच्या रुपयावर अंकुशाची खूण असे, म्हणून तो अंकुशी रुपया. टांकसाळ बदलली की रुपयाचा कस बदलायचा आणि एका छापाचा रुपया देऊन दुसरा घेताना सराफ बट्टा कापून घ्यायचा. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, बारा भागांत अकरा भाग चांदी. जुने रुपये मग हळूहळू मुशीत गेले. जे वाचले, त्यांचाच शोध आज संग्राहक घेतात.

अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरची कहाणी अशाच एका आटणीची आहे आणि तिचं शेवटचं टोक मुंबईत आहे.

जॉर्ज मॉर्गनने घडवलेला डॉलर १८७८ पासून पाडला जाऊ लागला. पश्चिमेकडच्या खाणींतून चांदी उदंड निघत होती आणि कायद्याने सरकारला ती विकत घेऊन नाणी पाडावीच लागत. लोकांना मात्र खिशात वजनदार डॉलरपेक्षा नोट बरी वाटे. कोट्यवधी डॉलर पिशव्यांत भरून सरकारी तळघरांत पडून राहिले.

१९१८ साली ते बाहेर निघाले, ते हिंदुस्थानसाठी. महायुद्धात इथून माल आणि सैनिक जात होते. त्याचे पैसे आणि पगार रुपयांत चुकवायचे होते. नोटेच्या बदल्यात चांदीचा रुपया देण्याचं सरकारचं वचन होतं आणि मुंबईत नोटा घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली होती. चांदी संपत चालली, तसं ब्रिटनने वॉशिंग्टनचं दार ठोठावलं. नेवाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाचा कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी झाला. त्याखाली २७,०२,३२,७२२ डॉलर वितळवले गेले. त्यांतल्या २५,९१,२१,५५४ डॉलरची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली गेली, शुद्ध चांदीच्या दर औंसाला एक डॉलर भावाने. एका डॉलरमध्ये सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी, रुपयात पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका डॉलरमागे सव्वादोन रुपये. या हिशेबाने ती चांदी ५८ कोटी रुपयांना पुरली असती. त्या वर्षांतले पंचम जॉर्जचे रुपये आजही आपल्याकडच्या जुन्या ट्रंकांत सापडतात. एखाद्या रुपयाकडे बोट दाखवून ‘हा अमेरिकेचा’ असं कुणालाच म्हणता येणार नाही, पण त्या काळच्या रुपयांत ती चांदी मिसळली आहे हे नक्की.

याच आटणीने मॉर्गन डॉलरची किंमत ठरवली. कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर मुशीत गेले, याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे किती पाडले, हा आकडा फसवतो. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीने १९०३ मध्ये ४४ लाखांहून अधिक डॉलर पाडले, तरी ते साल अतिदुर्मीळ मानलं जाई. १९६२ मध्ये तळघरातून त्याच्या पिशव्या निघाल्या आणि भाव कोसळला. उलट सॅन फ्रान्सिस्कोचा १८९३ चा डॉलर मुळात एक लाखच पडला होता. तो आजही या मालिकेतला सर्वांत हवासा वाटणारा आहे. चांदी दोन्हींत सारखीच. फरक आहे तो उरलेल्या संख्येचा, टांकसाळीच्या खुणेचा आणि नाणं किती कमी झिजलं आहे याचा.

आपल्याकडेही हेच चालतं. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. जवळपास ९४ लाख रुपये पाडले होते, पण वाटले गेले सुमारे ७ लाखच. बाकीचे परत आटवले. म्हणून संग्राहक ते साल आवर्जून बघतात. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला, खालच्या कमळाशी बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा. नसेल तर कलकत्त्याचा.

पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरात जमिनी गेल्या, वाडे पडले, घरांची आवराआवर झाली. आजीच्या डब्यातले राणीछाप रुपये अशा वेळी वजनावर मोडीत जातात. तसं करण्याआधी ते जाणकाराला दाखवा, पुण्यात भरणाऱ्या नाण्यांच्या प्रदर्शनात घेऊन जा. आणि चिंचेने किंवा राखेने घासून ते चकचकीत करू नका. घासलेल्या नाण्याची किंमत तिथेच उतरते.