मासाए कासाई : गिरणीच्या अंगणातील कर्णधार



ज्याचा जन्म पगारवाढ, बोनस आणि भरपाई यांवर बोलण्यात गेला, त्या माणसाने या व्यासपीठावरून व्हॉलीबॉलवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण मी जिची हकीकत सांगणार आहे ती बाई गिरणीची नोकर होती, आणि तिच्या हकीकतीत आमच्या चळवळीचा एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. पाळी सुटल्यानंतरचा वेळ कोणाचा?

हा खेळ मुळात जन्मला तोच गिरण्यांच्या गावात. अमेरिकेतील होल्योक हे कागदगिरण्यांचे गाव. तेथे 1895 साली विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने, बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांसाठी हा सौम्य खेळ काढला. ख्रिस्ती युवक संघाच्या मंडळींनी तो जपानात नेला, आपल्या देशातही आणला. 1951 साली आपल्याकडे त्याचा अखिल भारतीय संघ स्थापन झाला. दोन खांब, एक जाळे आणि एक चेंडू एवढ्या भांडवलावर तो चालतो, म्हणून खेड्यापाड्यांत रुजायला त्याला वेळ लागला नाही.

मासाए कासाई 1933 साली जपानच्या यामानाशी प्रांतात जन्मली. उंची 174 सेंटिमीटर. त्या काळच्या जपानी स्त्रियांत ती चारचौघींत उठून दिसे. शिक्षण संपवून ती 'निचिबो' या मोठ्या कापडगिरणी कंपनीत नोकरीस लागली. कंपनीने निरनिराळ्या गिरण्यांतील खेळाडू मुली ओसाकाजवळच्या काइझुका येथील गिरणीत एकत्र केल्या आणि 1954 च्या सुमारास तेथे संघ उभा राहिला. त्याचा शिक्षक हिरोबुमी दाइमात्सु हाही कंपनीचाच नोकर. तो पूर्वी जपानी सैन्यात होता आणि 1944 सालच्या इंफाळच्या मोहिमेतून जिवंत परतलेल्यांपैकी होता.

येथे जपानी गिरण्यांचा मागचा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. शेतकऱ्याच्या घरची पोर, बापाने घेतलेली आगाऊ रक्कम, आणि ती फिटेपर्यंत गिरणीच्या वसतिगृहात कोंडून घातलेले तिचे जिणे, अशी कित्येक वर्षे तेथील रीत होती. होसोई वाकिझो या कामगाराने 1925 साली या मुलींच्या दुःखाचा इतिहास ग्रंथरूपाने लिहिला. आपल्या नगर जिल्ह्यातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. उसाच्या फडावर येणाऱ्या टोळीची 'उचल' आपण सर्वांनी पाहिलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कायदे बदलले, संघटना उभ्या राहिल्या. कासाई आणि तिच्या मैत्रिणी त्या जुन्या मुलींसारख्या बांधलेल्या नव्हत्या. त्यांच्यापैकी बहुतेक जणी गिरणीच्या कचेरीत काम करीत. पण त्यांचा दिवस कसा जाई पाहा. सकाळपासून नोकरी, दुपार उलटल्यावर सराव, आणि तो मध्यरात्रीपर्यंत, कधी त्याहूनही उशिरापर्यंत. जपानात तोवर नऊ-नऊ जणींचा खेळ चाले. जगात सहा-सहा जणींचा. या मुलींनी शिकलेला खेळ टाकून नवा शिकून घेतला. उंच, धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांपुढे टिकावे म्हणून दाइमात्सुने त्यांना एक नवी युक्ती शिकविली. जमिनीवर झेप घ्यायची, चेंडू उचलायचा, अंग गडगडत न्यायचे आणि त्याच झोकात पुन्हा उभे राहायचे. तळ जड असलेली बाहुली कितीही आडवी पाडली तरी उभी राहते, तसे. ते अंगवळणी पडेपर्यंत कोपर, खांदा, कंबर यांनी किती मार खाल्ला असेल याची कल्पना करा.

1960 साली जागतिक स्पर्धेत जपान दुसरा आला. 1961 साली युरोपच्या दौऱ्यात या मुलींनी एकामागून एक सामने जिंकले, तेव्हा तिकडच्या वृत्तपत्रांनी त्यांना 'पौर्वात्य चेटकिणी' म्हटले. ज्या बाईचे बळ समजत नाही तिला चेटकीण म्हणण्याची खोड एकट्या आपल्या खेड्यांत आहे असे नाही, हे यावरून कळते. 1962 साली मॉस्कोत, सोव्हिएत संघाच्या घरात, त्यांनी त्याच संघाला हरवून जगज्जेतेपद मिळविले. तेथे थांबावे, लग्न करावे, संसार थाटावा, असे अनेकींना वाटत होते. पण 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश होणार होता. देशभरातून पत्रांचा पाऊस पडला की थांबू नका. त्या थांबल्या नाहीत.

ऑलिंपिकच्या बारा जणींपैकी दहा निचिबोच्या होत्या, आणि कर्णधार कासाई. 23 ऑक्टोबर 1964 च्या रात्री अंतिम सामना सोव्हिएत संघाशी झाला. पहिला डाव 15-11, दुसरा 15-8. तिसऱ्यात 14 गुण झाले, पण शेवटचा एक गुण काही केल्या मिळेना. सोव्हिएत मुलींनी 13 पर्यंत मजल मारली. अखेर त्यांच्याकडून जाळ्यावरून पलीकडे हात गेला आणि सामना संपला. टोकियो परिसरातील दूरदर्शनसंचांपैकी शेकडा 66.8 संचांवर तो सामना पाहिला गेला, अशी नोंद आहे. कासाई तेव्हा 31 वर्षांची होती.

आता माझा प्रश्न. या मुलींनी मध्यरात्रीपर्यंत जे केले तो खेळ होता, की बिनमजुरीची दुसरी पाळी?

आपल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी जो लढा दिला तो आठवा. 24 एप्रिल 1890 च्या सभेत हजारो कामगार जमले, आणि दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टी ही कामगाराने मिळविलेली मिळकत आहे. ती कोणी देशाच्या नावाने मागितली, कोणी कंपनीच्या नावाने मागितली, तरी हिशेब विचारलाच पाहिजे.

पण मी एकतर्फी बोलणार नाही. कासाईने आणि तिच्या सोबतिणींनी पुढे म्हातारपणीही हेच सांगितले की आम्ही आमच्या इच्छेने खेळलो. जादा कामाच्या इतक्या कागदांवर 'स्वखुशीने' हा शब्द मी वाचला आहे की तो दिसला की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. तरीही या बायांच्या तोंडचा शब्द मी खोटा मानणार नाही. ज्या गिरणीत आधीच्या पिढीच्या मुली केवळ 'हात' म्हणून मोजल्या जात, तेथे या मुलींना नाव मिळाले, चेहरा मिळाला. त्यांना नुसत्या बिचाऱ्या म्हणणे हा त्यांचा अपमान होईल. माझे म्हणणे एवढेच की स्वखुशीची कसोटी 'हो' म्हणण्यात नसते. 'नाही' म्हणण्याची सोय होती का, यात असते. 1962 साली ती सोय फार थोडी होती.

ऑलिंपिकनंतर कासाईने खेळ सोडला. 1965 साली पंतप्रधान साटो यांच्या मध्यस्थीने तिचे लग्न झाले. राष्ट्राने तिची जी वर्षे घेतली त्यांची भरपाई जणू राष्ट्रानेच करावी तसे. निचिबो संघाची सलग 258 विजयांची मालिका 1966 साली खंडित झाली. 1969 साली कंपनी दुसरीत मिसळून 'युनिटिका' झाली, आणि 2000 साली तो संघही मोडला. आपल्या परळ-लालबागच्या गिरण्या आणि त्यांची क्रीडामंडळे ज्यांनी पाहिली त्यांना यात नवे काही वाटणार नाही. 2008 साली होल्योकच्या आंतरराष्ट्रीय सन्मानदालनात कासाईचे नाव लागले. 2013 साली ती वारली.

मात्र मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. टोकियोनंतर जपानच्या गृहिणी स्वतः मैदानात उतरल्या. मोहल्ल्यामोहल्ल्यांत आयांचे संघ निघाले आणि 1970 पासून त्यांची देशव्यापी स्पर्धा सुरू झाली. तेथे शिक्षकाची गर्जना नव्हती, कंपनीचा झेंडा नव्हता. चूल-मूल आवरून स्वतःसाठी काढलेला तो तास होता.

आपल्या घोडेगावच्या बाजारात कांदा निवडणाऱ्या बाया दिवसभर वाकून बसलेल्या असतात. संध्याकाळी मैदानावर जाळे लागते ते मुलांचे. शाळेत बऱ्या खेळणाऱ्या मुलींचे जाळे लग्नाबरोबर गुंडाळले जाते. या गावाने जगज्जेती घडवावी असे मी म्हणत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते मैदान बायांसाठी मोकळे ठेवावे, दिव्याची सोय करावी, आणि त्या वेळी घरचे पाणी-स्वयंपाक पुरुषांनी पाहावे, एवढीच माझी मागणी आहे. मागण्या मांडण्याची माझी सवय जुनी आहे. ही ग्रामस्थांपुढे ठेवून मी आपली रजा घेतो.