मार्क ऑफ द वेब

इंटरनेटवरून उतरवलेल्या किंवा ई-मेलसोबत आलेल्या फाइलला विंडोज संगणकात चिकटणारी, सहसा नजरेस न पडणारी उगमखूण. फाइल उघडताना ‘ही उघडायची ना?’ असे दर वेळी विचारणाऱ्या चौकटीचे मूळ बहुधा या खुणेत असते. फाइल कोठून आली एवढेच खूण सांगते. आत काय आहे याचा तिला पत्ता नसतो. त्यामुळे स्वतःच तयार करून गूगल ड्राइव्हवर ठेवलेले एक्सेलचे पत्रक परत उतरवून घेतले, तरी ते परके ठरते आणि वर इशाऱ्याची पिवळी पट्टी घेऊन उघडते.

१९९९ मधील मेलिसा आणि मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ हे दोन्ही उपद्रव मेलला जोडलेल्या फाइलींतून पसरले. दुसऱ्यात तर साधी मजकुराची फाइल वाटावी असे नाव देऊन शेवटचे खरे एक्स्टेन्शन नजरेआड राहील, याची सोय केलेली होती. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून अशा फाइलींवर खूण उमटू लागली. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर मूळ फाइलला एक छोटी उपफाइल जोडली जाते. ‘झोन.आयडेंटिफायर’ हे तिचे नाव, आणि आत मुख्यतः एक आकडा. ० म्हणजे हाच संगणक, १ कार्यालयाचे अंतर्गत जाळे, २ विश्वासातली स्थळे, ३ इंटरनेट, ४ प्रतिबंधित स्थळे. सगळी कटकट बहुतेक ३ या आकड्याची. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल, तर त्यावर कॉपी करताना ही उपफाइल गळून पडते आणि संशयित फाइल आपोआप निर्दोष होते. एवढी नाजूक ही व्यवस्था आहे.

फाइल खात्रीची असेल तर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जावे, तळाशी ‘अनब्लॉक’ समोर टिक करावी. खूण पुसली जाते. झिप फाइलच्या बाबतीत क्रम चुकला की काम वाढते. विंडोजच्या स्वतःच्या सोयीने झिप उघडली, तर खूण आतल्या फाइलींनाही लागते. म्हणून आधी झिप अनब्लॉक करावी, मग उलगडावी. आधीच उलगडली असेल तर पॉवरशेलमधील ‘अनब्लॉक-फाइल’ ही आज्ञा अख्ख्या फोल्डरवर चालवता येते. जुन्या सीएचएम प्रकारच्या मदतपुस्तिकांत खुणेचा परिणाम वेगळाच दिसतो. अनुक्रमणिका दिसते, पाने कोरी राहतात, आणि फाइलच बिघडली असे वाटते.

कार्यालयात मात्र अनेकदा फाइलवर खूण नसतानाही तोच इशारा येत राहतो. सर्व्हरवरचे फोल्डर १९२.१६८.१.१० अशा आकडी पत्त्याने जोडलेले असले, की पत्त्यातले टिंब पाहून विंडोज त्या जागेला इंटरनेट समजते. शेजारच्या खोलीतला सर्व्हरही परदेशी होतो. इथे अनब्लॉक शोधून उपयोग नाही. एकतर तेच फोल्डर टिंब नसलेल्या संगणक-नावाने जोडावे, किंवा इंटरनेट ऑप्शन्समधील ‘लोकल इंट्रानेट’ यादीत तो पत्ता घालावा. पाच मिनिटांचे हे काम टाळून पुष्कळ कचेऱ्यांत धोक्याची सूचनाच सरसकट बंद केली जाते किंवा खूण लावणेच थांबवले जाते. हा उपाय रोगापेक्षा वाईट; कारण मग उद्या बाहेरून आलेल्या खऱ्या वाईट फाइललाही कोणी हटकत नाही.

तेच तेच विचारले की माणूस वाचणे सोडतो, हे मोजूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेतील ब्रिगॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवले, की तोच इशारा दुसऱ्यांदा दिसताच मेंदूचा प्रतिसाद लक्षणीय घटतो. रूप बदलत राहणारे इशारे तुलनेने जास्त टिकतात.

२०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विचारण्याऐवजी अडवण्याचा मार्ग धरला. खूण असलेल्या ऑफिस फाइलींतील मॅक्रो, म्हणजे फाइलीतच दडलेल्या छोट्या आज्ञावली, एका बटणावर सुरू होईनासे झाले. जुलैमध्ये हा बदल काही काळ मागे घेऊन पुन्हा लागू करण्यात आला. हल्लेखोर लगेच आयएसओ फाइलींकडे (डिस्कच्या प्रतिमा-फाइलींकडे) वळले, कारण त्यांच्या आतील फाइलींवर खूण उतरत नसे. ती फट त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बुजवली गेली. झिप उलगडणाऱ्या सेव्हन-झिप या प्रोग्रामनेही २०२२ मध्ये खूण पुढे नेण्याची सोय दिली, पण ती सुरुवातीला बंदच असते, वापरणाऱ्याने सुरू करायची. मॅकमध्ये याच धर्तीची ‘क्वारंटाइन’ खूण २००७ पासून आहे.

ऑक्टोबर २०२५ च्या अद्ययावतीकरणानंतर खूण असलेल्या फाइलींचे एक्सप्लोररमधील पूर्वदर्शनही थांबले आहे. रोज डझनभर पीडीएफ नुसत्या चाळणाऱ्यांची त्यामुळे अडचण होते. तिथेही सोडवणूक तीच: फाइल खात्रीची असेल तर प्रॉपर्टीजमधून अनब्लॉक. पूर्वदर्शन पुन्हा दिसण्यासाठी काही वेळा लॉग-आउट करून परत यावे लागते.