अब्बांशी केलेला तह

मे महिन्यात अंजनगावात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. शाळेला सुट्टी, बहिणी माहेरी आलेल्या, मामू-खाला येऊन-जाऊन. अशा एका संध्याकाळी शेतात कबाब करायचे, हा अब्बांचा जुना शिरस्ता. यंदा मात्र अब्बांच्या हृदयात स्टेंट बसलेला, साखरही वाढलेली. डॉक्टरांनी मीठ, तूप, तळण तोडलं. "मग कोणाला बोलावूच नका," म्हणून अब्बा रुसून बसले.

बांधाला बांध असलेला माझा बालमित्र म्हणाला, "काहून रद्द करतं बे? आमचे रोडगेही तिथंच लावू. पण कबाब म्हंजे तुमचं मोगलाई काम, लेका!"

थट्टाच ती. पण मी पडलो मास्तर, पुस्तकं काढली.

वऱ्हाड मोगलांकडे गेलं १५९६ साली. त्याच्या साडेचारशे वर्षं आधी, ११३१च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात मांसाचे तुकडे निखाऱ्यावर भाजायची कृती आहे, नाव भडित्रक. म्हणजे 'कबाब' हा शब्द बाहेरून आला, निखारा इथलाच होता.

मग अबुल फजलची 'आईन-ए-अकबरी'. याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचं वर्णन आहे आणि शाही मुदपाकखान्याची मापंही. कबाबाला दहा शेर मांस असेल तर तूप अर्धा शेर. सोबत आलं, कांदा, जिरं, धणे, मिरी, वेलची, लवंग. मिरची नाही, कारण ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेली, तिकडे अजून पोचायची होती. मांस न खाण्याच्या दिवसांचे पदार्थ तर वेगळेच, त्यांना 'सूफियाना' म्हणत. बादशहाचा कबाब आपल्या तेल गळणाऱ्या कबाबापेक्षा साधा होता!

हे अब्बांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग तह करू." आमच्या गावाला तह काय नवा? १५ डिसेंबर १८०३ला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला, तो इथेच, सुर्जी-अंजनगावात. आमची कलमं अशी ठरली: कातडी काढलेली कोंबडी, दही, आलं, लसूण, मिरी, लिंबू यांत मुरवलेली, मीठ निम्मं, अब्बांना दोनच सीख. भरीत हवं तेवढं. रोडगा एक, तुपाविना.

दिवस मावळल्यावर आग पेटवली. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, गोवऱ्यांच्या आरात रोडगे पुरले. मित्राकडची मंडळी शाकाहारी, म्हणून त्यांची चूल, जाळी, सुरी वेगळी. कोंबडी बर्फाच्या डब्यातून लागेल तेवढीच काढायची, कारण या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं मांस तासाभरात दगा देतं. जाळ बसून राख धरलेल्या निखाऱ्यावरच सीख ठेवायची. ज्वाळेवर मांस करपतं, ते प्रकृतीला बरं नाही. प्यायला मठ्ठा.

अब्बांनी दोन सीख संपवल्या आणि हळूच तिसरीकडे हात नेला. मित्र ओरडला, "काका, तह मोडता का?" अब्बांनी हात फिरवून भरताची वाटी घेतली. म्हणाले, "बेटा, रोडगा अर्धा वाढव. तेवढी दुरुस्ती चालते."

मी अर्धा वाढवला.