शेतीचा तास

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. सहावीत आहे. "आबा, आमच्या शाळेत आता काही दिवस दप्तर न्यायचंच नाही. एक माळीकाका येणारेत, ते कलम कसं बांधायचं ते शिकवणार. तुम्हीपण शाळेत शेती शिकवायचात ना?"

"शिकवायचो की," असं म्हणालो खरा, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ पडवीतच बसून राहिलो. मी शेतीचा तास घ्यायचो हे खरं. शेती शिकवली का, हा प्रश्न वेगळा. आज त्याबद्दलच लिहावं म्हणतो.

नातीच्या शाळेत जे चाललंय ते २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा माणसांकडे शिकावं, अशी ती सूचना. वर्तमानपत्रांत 'नवी कल्पना' म्हणून तिचं कौतुक झालं. मंडळी, ही कल्पना निदान १४० वर्षं जुनी आहे!

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला एक निवेदन दिलं. निवेदन इंग्रजीत आहे. त्यात प्राथमिक शाळेत काय काय शिकवावं याची यादी आहे. मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, आणि त्याच रांगेत शेतीचं प्राथमिक ज्ञान. पुढे म्हणतात, खेड्यातल्या शाळेजवळ एक लहानसं नमुन्याचं शेत असावं, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष करून शिकता येईल. आणि शिक्षक? ते शक्यतो शेतकरी वर्गातलेच तयार करावेत. मुलांच्या गरजा त्यांना कळतील, आणि वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटणार नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं ते नोकरीतल्या शेवटच्या वर्षांत. वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. का ते पुढे सांगतो.

फुल्यांनंतर सरकारने काहीच केलं नाही असं नाही. मुंबई इलाख्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या शेतकी शाळा निघाल्या. 'लोणी पद्धतीच्या शाळा' म्हणून त्या ओळखल्या जात. पंजाबात वेगळी तऱ्हा होती. तिथे नेहमीच्याच मराठी सातवीसारख्या शाळेत शेती हा एक विषय असे आणि शाळेला जमीन असे. लॉर्ड लिनलिथगो यांच्या शाही कृषी आयोगाने १९२८च्या अहवालात या दोन्हींची तुलना केली आणि पंजाबच्या बाजूने कौल दिला. भांडण वरवर पाहता साधं आहे. शेती शिकायची ती फक्त पुढे शेती करणाऱ्याने, की सगळ्यांनी? माझ्या मते पुढच्या सगळ्या सुधारणा याच प्रश्नापाशी येऊन अडखळल्या.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम आली. उद्योगातून शिक्षण द्यायचं. सूत, सुतारकाम, शेती. आमच्या गावच्या शाळेवर 'जीवन शिक्षण मंदिर' अशी पाटी होती. १९५७-५८ साली मी तिथे टकळीवर सूत कातलंय. सुताची गुंडी गुरुजी घेऊन जायचे. तिचं पुढे काय व्हायचं हे आम्हाला कधी कळलं नाही. मग मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय माध्यमिक शाळा सुचवल्या. सात गट होते, त्यांतला एक शेतीचा. आमच्या भागातल्या काही शाळांना त्या निमित्ताने जमीन मिळाली, विहिरी निघाल्या.

पण पालक? माझे वडील माण तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. त्यांचं म्हणणं एवढंच, "शेती घरी शिकतंयच की पोरगं. शाळंत घातलं ते ह्यातनं सुटावं म्हणून." आता या बोलण्याला कोण अडाणी म्हणेल? शहरातल्या वकिलाच्या मुलाला कुणी शेतीचा गट घ्या म्हणत नव्हतं. कुणब्याच्या पोराला मात्र शाळेतही पुन्हा औतच. लोकांना त्यात डाव दिसला तर नवल नाही.

मी त्यातून सुटलो. मराठी घेऊन बी.ए. झालो, मग बी.एड. आणि १९७२च्या जूनमध्ये, ऐन दुष्काळात, एका माध्यमिक शाळेत लागलो. (शाळेचं नाव नको.) शाळेला अडीच एकर जमीन होती. दोन वर्षांनी शेतीचे शिक्षक बदलून गेले आणि मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही शेतकऱ्याचे, हे तास तुम्हीच घ्या."

मी घेतले. म्हणजे काय केलं? पुस्तकातून लिहून दिलं. नांगरणीचे फायदे पाच. खतांचे प्रकार तीन. बाहेर शेतात तेव्हा सगळं बदलत होतं. राहुरीला १९६८ साली कृषी विद्यापीठ झालेलं, संकरित ज्वारीचं वाण १९६४ पासून आलेलं, घरोघर 'हायब्रीड' हा शब्द रुळलेला. नववीतल्या एका मुलाने मला विचारलं, "सर, हायब्रीडला पाऊस नसंल तर युरिया कवा घालायचा?" मला येत नव्हतं. "पुस्तकात आहे तेवढं लिहून घे," असं मी त्याला सांगितलं.

त्याच वर्षी शाळेची तपासणी आली. साहेबांना प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं. बैलजोडी त्याच मुलाच्या घरची आणली. नांगर जुंपला, साहेब बांधावर उभे राहिले, आणि त्या पोराने अगदी साधेपणाने माझ्यापुढे रुमणं केलं. "धरा सर."

माझ्या अंगावर परीटघडीचा पांढरा शर्ट होता. पण कारण शर्टाचं नव्हतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून मी औत धरलेलं. मुलांसमोर, साहेबांसमोर मला ते नको होतं, इतकंच. "तू धर, मी मार्गदर्शन करतो," म्हणालो. पोराने एकदम सरळ तास घातला. (नांगराने पडते त्या रेघेलाही आमच्याकडे तासच म्हणतात.) मी बांधावरून बोलत राहिलो. तपासणीच्या शेऱ्यात 'प्रात्यक्षिक उत्तम' असं आलं.

त्या दिवशी बाजारासाठी आलेले वडील कुंपणापाशी उभे होते, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाले, "रुमणं धरायचं इसरलास व्हय?" ज्यांनी मला शेतीतून सोडवलं तेच हे म्हणत होते. मला उत्तर देता आलं नाही.

वार्षिक परीक्षेत शेतीच्या लेखी पेपरात त्या मुलाला मी ३५ पैकी ११ गुण दिले. नांगरणीचे पाच फायदे त्याला लिहिता आले नव्हते. नापास झाला, शाळा सुटली. पुढच्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी बैल मागायला मीच त्याच्या घरी गेलो. त्याने दिले. बोलला काहीच नाही.

इकडे कोठारी आयोगाने (१९६४-६६) आधीच सांगून ठेवलं होतं की शालेय वयात शेतीचं धंदेशिक्षण देण्याचे प्रयत्न साधलेले नाहीत. धंदेशिक्षण मॅट्रिकनंतर द्यावं, आणि शाळेत सगळ्याच मुलांना कार्यानुभवातून शेतीची ओळख व्हावी. विचार चांगला होता. आमच्याकडे १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि नव्या अभ्यासक्रमात कार्यानुभव वेळापत्रकात आला. आमच्या शाळेत त्याची कागदी फुलं आणि खडू झाले. शाळेची जमीन खंडाने दिली गेली. मी पुन्हा मराठीचे तास घेऊ लागलो, आणि खरं सांगायचं तर सुटकेचा श्वास सोडला.

निवृत्तीनंतर, २००९ साली, एका स्नेह्यांबरोबर पाबळला गेलो. शिरूर तालुक्यातलं अवर्षणग्रस्त गाव. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. झालेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून आलेले. आश्रम पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र आहे. ती संस्था जे. पी. नाईकांची, आणि नाईक म्हणजे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. आयोगाच्या अहवालातला कार्यानुभव असा फिरून खेड्यात आलेला पाहून मला गंमत वाटली.

त्यांची रीत अशी. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करायचं. शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी, गृह-आरोग्य, असे चार विभाग. सगळे विभाग सगळ्यांना, मुलींनाही. काम गावाच्या उपयोगाचं असलं पाहिजे. आणि शिकवायला गावातलीच हुन्नरी माणसं! एक मुलगी वेल्डिंग करत होती, दुसरी शेळीचं वजन मोजून वहीत लिहीत होती. 'तू पुढे शेतकरीच हो' असं त्यांना कुणी सांगत नव्हतं. हाताने केलेलं डोक्यात नीट बसतं, एवढाच कलबागांचा आग्रह होता. ते २००३ साली गेले. माझी भेट हुकली.

परतीच्या गाडीत मला फुल्यांचं ते वाक्य आठवत होतं. अभ्यासक्रम बदलले, पाट्या बदलल्या, जमिनी मिळाल्या आणि गेल्या. शेतकऱ्याच्या घरातला शिक्षक हवा, हे फुल्यांचं मागणं तर माझ्यापुरतं पूर्णही झालं होतं. फक्त लाज वाटू नये, हा त्याचा दुसरा अर्धा भाग राहून गेला. आमच्या शिकण्याने आधी तीच शिकवली होती.

असो. नातीला काल परत फोन केला. म्हटलं, माळीकाका आले की चाकू कसा धरतात ते नीट बघ, हात मळू देत, आणि तुझ्या बाईंनाही एक कलम बांधायला सांग. ती हसली. "बाईंना कसं सांगणार, आबा?"

"सांग," म्हटलं. "आमच्या एका मुलाने मला सांगितलं होतं."

तुमच्या शाळेत शेतीचा तास होता का? तुमच्या सरांनी रुमणं धरलं होतं का? जरूर कळवा.