बहुपुटी मूत्रपिंड-अर्बुद, अल्प मारकतेचे
मूत्रपिंडात पातळ पडद्यांनी विभागलेल्या अनेक द्रवयुक्त पुटींचे, अत्यंत मंद वाढणारे अर्बुद. [→ अर्बुद, मूत्रपिंड].

पूर्वी ते मूत्रपिंड कर्करोगाचा उपप्रकार गणले जाई. शस्त्रक्रियेनंतर रोग परतत वा पसरत नाही असे दिसून आल्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात नावातून ‘कर्करोग’ हा शब्द वगळला गेला. पडद्यांत पारदर्शक पेशींचे लहान पुंजके असतात. पेशीकेंद्रांची श्रेणी १ किंवा २ असते, फुगीर गाठी नसतात. बहुधा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते आढळते. सीटी स्कॅनवरून पुटींची प्रतवारी बॉस्नियाक पद्धतीने (१९८६, सुधारित २०१९) करतात, मात्र पक्के निदान काढलेल्या गाठीच्या ऊतिपरीक्षेनेच होते.

शक्य तेथे मूत्रपिंड राखून केवळ गाठ काढतात. गाठ पूर्ण निघाल्यास आयुर्मान सहसा घटत नाही. त्यामुळे दीर्घकालीन देखरेखीत पुनरुद्‌भवापेक्षा उरलेल्या मूत्रपिंडाचे कार्य महत्त्वाचे ठरते : रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने.

वऱ्हाडात या देखरेखीला स्थानिक संदर्भ आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरला असून तेथील भूजल क्षारयुक्त आहे [→ खारपाणपट्टा]. या पाण्याचा प्रस्तुत अर्बुदाशी संबंध सिद्ध झालेला नाही; तरी मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी पिण्याच्या पाण्याबाबत वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट. अमरावतीचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही या भागातील प्रमुख शासकीय उपचारकेंद्रे होत.