कोथिंबीर फ्रिजमध्ये का टिकत नाही? बर्फाच्या वाघिणीपासूनचा इतिहास



शहरात ज्या सोसायटीला आम्ही शनिवारी भाजी देतो तिथल्या ताईंचं एक ठरलेलं गाऱ्हाणं असतं. "दादा, कोथिंबीर दिसायला झ्याक, पण फ्रिजमध्ये चौथ्या दिवशी काळी पडते." त्यांना वाटतं फ्रिज बिघडलाय, नाहीतर आम्ही काही फवारलंय. दोन्ही नाही. याचं उत्तर शोधता शोधता मी पार अमेरिकेतल्या लेट्यूसपर्यंत जाऊन पोचलो. मी दहावी पास माणूस. इंग्रजीतलं पुतण्याकडनं समजून घेतलं. पण गोष्ट अशी निघाली की आपल्या प्रत्येक पालेभाजीवाल्यानं ऐकावी.

आधी एवढं ध्यानात घ्या की कापलेलं पान जिवंत असतं. मुळाचं पाणी तुटलं, पण श्वास चालूच. श्वासात साठवलेली साखर जळते आणि ऊब तयार होते. म्हणून तर गोणीत दाबून भरलेल्या मेथीत हात घातला की आत गरम लागतं. उष्णता दर १० अंशांनी वाढली की हा श्वास साधारण दुप्पट-तिप्पट होतो. ढोबळ हिशेब करा. ३५ अंशाच्या जुडीचा एक तास म्हणजे ५ अंशाच्या जुडीचे कमीत कमी आठ तास. दुपारी कापलेली जुडी टेम्पोत पाच तास राहिली, तर गिऱ्हाइकाच्या फ्रिजमधले जवळजवळ दोन दिवस आपण वाटेतच खाल्लेले असतात.

ही गोष्ट लोकांना एकदम कळलेली नाही. सुरुवात बर्फापासून झाली. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी थंडीत तळ्यावर गोठलेला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजानं विकायचा. १८३३ साली त्यानं कलकत्त्याला जहाज पाठवलं. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता, चार महिन्यांनी पोचला तेव्हा १०० टनाच्या आसपास उरला होता. पुढं मुंबईतही हा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी बर्फघर बांधलं गेलं. पण तो सगळा साहेबाच्या आणि शेठलोकांच्या पेल्यात गेला. भाजीवर बर्फ टाकायची ऐपत तेव्हा कुणाची असणार!

भाजीचा खरा खेळ सुरू झाला कॅलिफोर्नियात, सॅलिनास नावाच्या खोऱ्यात. समुद्र जवळ, हवा थंड, काळी कसदार जमीन. १९२० नंतर तिथं लेट्यूसची लागवड झपाट्यानं वाढली. लोक लेट्यूसला 'हिरवं सोनं' म्हणायला लागले. अडचण एकच. खाणारा न्यूयॉर्कला, म्हणजे सुमारे ५००० किलोमीटर लांब, आणि रेल्वेला आठवड्याच्या वर लागायचा. लेट्यूसमध्ये ९५ टक्के पाणी. आपली कोथिंबीर नगरहून वाशीला जाताना मान टाकते, तिथं तर अख्खा देश ओलांडायचा होता.

त्यांनी काय केलं? लाकडी खोक्यात गड्डे रचायचे, थरांच्या मध्ये फोडलेला बर्फ घालायचा. वाघिणीच्या दोन्ही टोकांना बर्फाचे हौद, त्यात लाद्या. वर पुन्हा बारीक बर्फाचा थर. आणि वाटेत ठरावीक स्टेशनांवर गाडी थांबवून हौद परत भरायचे. अशा बर्फाच्या वाघिणी चालवण्यासाठी तिथल्या दोन रेल्वे कंपन्यांनी मिळून १९०६ मध्ये वेगळी कंपनीच काढली होती, पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस. तिचे स्वतःचे बर्फ कारखाने होते. म्हणजे भाजीच्या धंद्याच्या पोटात बर्फाचा एक अख्खा धंदा उभा राहिला.

गाडी कुठं अडकली की सगळा माल चिखल. जॉन स्टाइनबेक हा लेखक त्याच सॅलिनासचा. त्याच्या 'ईस्ट ऑफ ईडन' या १९५२ च्या कादंबरीत ॲडम ट्रास्क नावाचा शेतकरी बर्फात लेट्यूस भरून न्यूयॉर्कला पाठवतो. वाटेत गाडी अडकते, बर्फ वितळतो, माल सडतो आणि माणूस पैशानं बुडतो. वर गावात थट्टा होते ती वेगळीच. गोष्ट रचलेली आहे, पण ज्यानं एकदा टोमॅटोचा ट्रक घाटात अडकलेला बघितलाय त्याला ती रचलेली वाटणार नाही.

जाता जाता एक गंमत. 'आइसबर्ग' लेट्यूसचं नाव या बर्फ लादलेल्या वाघिणींवरून पडलं असं बरेच जण छातीठोक सांगतात. पण बर्पी या बियाणे कंपनीनं 'आइसबर्ग' नावाचा वाण १८९४ मध्येच विकायला काढला होता, सॅलिनासच्या वाघिणी पुष्कळ नंतरच्या. बियाण्याच्या पाकिटावरचं नाव आणि त्यामागं चिकटवलेली गोष्ट यांचा मेळ तेव्हाही नव्हता.

बर्फाची पद्धत चालली, पण तिच्यात खोट होती. बर्फ बाहेरून थंड करतो. गड्ड्याच्या पोटातली शेताची ऊब बाहेर यायला फार वेळ लागतो. शिवाय पाणी गळतं, खोकी भिजतात, पानं चेंगरतात आणि भाजीसोबत बर्फाच्या वजनाचंही भाडं भरावं लागतं. १९४० च्या दशकाच्या शेवटी सॅलिनासमध्ये रेक्स ब्रन्सिंग नावाच्या माणसानं वेगळाच रस्ता काढला. लेट्यूस एका मोठ्या लोखंडी टाकीत ठेवायचं, दार बंद करायचं आणि आतली हवा पंपानं ओढून घ्यायची. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी उष्णतेलाच उकळतं. डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो, तोच नियम. दाब पुरेसा कमी केला तर पाणी शून्य अंशालाही उकळतं! मग पानातलंच थोडं पाणी वाफ होऊन निघतं आणि जाताना ऊब घेऊन जातं. वजनातली साधारण १ टक्का घट झाली की उष्णता ६ अंशांनी उतरते. अर्ध्या तासाच्या आसपास गड्डा पोटापर्यंत गार. बर्फ नको, भिजणं नको. पुढं टाकीतच पाण्याचा फवारा देऊन वजनातली घटही कमी केली. पालेभाजीला हे फार लागू पडतं, कारण पानाचा पसारा मोठा, वाफ झटक्यात निघते. बटाट्याला किंवा टोमॅटोला हा उपाय कामाचा नाही.

आता यातली एक बाजू पुतण्या वगळत होता, मी वगळू दिली नाही. बर्फाच्या काळात माल शेडमध्ये येऊन भरला जायचा. शेडमधले कामगार संघटित होते, १९३६ साली त्यांनी सॅलिनासमध्ये मोठा संप केला होता आणि तो मोडून काढला गेला. व्हॅक्यूमची टाकी आली तशी लेट्यूस शेतातच कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरता यायला लागली. शेडची गरज संपली, शेडमधल्यांचं काम गेलं. शेतातलं काम करायला मेक्सिकोतून कंत्राटावर मजूर आणले जात होते, सरकारची ती योजना १९४२ ते १९६४ चालली. भाजी जास्त टिकायला लागली, पण तिचा फायदा कापणाऱ्याच्या हातात पडला नाही. १९७० मध्ये सीझर चावेझ यांनी त्याच खोऱ्यात लेट्यूस मजुरांचा संप उभा केला. नवीन यंत्र येतं तेव्हा थंडावा कुणाला आणि ऊन कुणाला, हे विचारलंच पाहिजे असं माझं मत आहे.

आता घरातल्या फ्रिजकडं या. अमेरिकेत विजेच्या फ्रिजच्या आधी घरोघर बर्फाची पेटी होती. वरच्या कप्प्यात लादी, खाली अन्न. वितळणाऱ्या बर्फामुळं आतली हवा गार आणि ओलसर राहायची, पालेभाजीला ते मानवायचं. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा डोक्यावर गोल यंत्र असलेला फ्रिज आला आणि विजेचे फ्रिज घराघरात शिरले. यात गारवा चांगला, पण हवा कोरडी. आतल्या थंड नळ्यांवर हवेतली ओल गोठून चिकटते आणि मग ती हवा पानातून ओल ओढते. भाजी सडायच्या ऐवजी वाळायला लागली. म्हणून फ्रिजमध्ये भाजीसाठी झाकणाचा वेगळा कप्पा आला. तुमच्या फ्रिजमधला खालचा प्लॅस्टिकचा खण म्हणजे तोच. आपल्या देशात गोदरेजनं १९५८ मध्ये फ्रिज काढला. तो खण आपल्याकडंही असतो, पण त्यात बऱ्याच घरांत कांदे-बटाटे नाहीतर फळं असतात! सफरचंद, पिकलेलं केळं यातून इथिलीन वायू सुटतो. त्याच्या शेजारी लेट्यूसवर तांबूस ठिपके पडतात, कोथिंबीर पिवळी होते.

पुढचा टप्पा पिशवीचा. १९८९ मध्ये सॅलिनासच्याच फ्रेश एक्सप्रेस कंपनीनं चिरलेलं, धुतलेलं सॅलड पिशवीत बंद करून अमेरिकाभर विकायला सुरुवात केली. ती पिशवी साधी नव्हती. प्लॅस्टिक असं की प्राणवायू मोजूनच आत यावा. पान गुदमरू नये, पण श्वास मंदावावा आणि कापलेली कड तांबडी पडू नये. लोकांना वाटलं आता चिंता मिटली. २००६ मध्ये त्याच भागातल्या पिशवीबंद पालकातून ई. कोलाय जिवाणू पसरला, सुमारे २०० जण आजारी पडले आणि तिघांचा जीव गेला. थंडीनं जिवाणू मंदावतात, मरत नाहीत. पाणी कुठलं, शेणखत कुजलेलं होतं का, हे शेतातच बघावं लागतं.

आपल्याकडं हे सगळं आलं ते तुकड्यातुकड्यानं. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं, तेव्हा त्यांच्या बर्गरसाठी आइसबर्ग तळेगावच्या त्रिकाया ॲग्रिकल्चरनं पिकवलं. गड्डा कापल्यावर आधी शेताची ऊब काढायची, मग शीतखोली, मग थंड गाडी, अशी साखळी त्यासाठी उभी राहिली. पण कोथिंबीर, मेथी, शेपू यांच्या नशिबी अजून ओलं गोणपाटच आहे. गोणपाटाला मी नावं ठेवणार नाही, पाणी वाफ होताना गारवा देतं हाच त्यातला न्याय. दिल्लीच्या पुसा संस्थेत रॉय आणि खुर्डिया या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात त्याच न्यायावर विजेशिवाय चालणारी थंड खोली बसवली. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर वाळू, वाळू सतत ओली, वर वाळ्याचं नाहीतर गवताचं झाकण. कोरड्या उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंशांनी गार आणि ओल ९० टक्क्यांच्या आसपास. पावसाळ्यात मात्र हवाच ओली असते, तेव्हा तिचा उपयोग फारसा नाही.

हे सगळं सांगायचं कारण, आमच्या गटात सध्या कर्ज काढून शीतखोली घ्यायचं चाललंय. बहुतेकांचं म्हणणं, खोली झाली की भाजी टिकलीच. माझा विरोध खोलीला नाही, क्रमाला आहे. साधी शीतखोली थंड माल थंड ठेवायला असते. तापलेली कोथिंबीर क्रेटमध्ये दाबून तिच्यात सरकवली तर मधली जुडी रात्रभर कोमटच राहणार. सॅलिनासवाल्यांना बर्फ मुबलक असूनही हेच नडलं. पुतण्यानं परवा जुडीच्या मधोमध थर्मामीटर खोचून बघितलं. दुपारी दोनला कापलेली ३६ अंश, पहाटे सहाला कापलेली २१. हा १५ अंशांचा फरक फुकट मिळतो.

फुकट म्हणजे आपल्याला. कापणीला येणाऱ्या बायकांना पहाटे निघायचं तर घरची चूल, पाणी, पोरांचे डबे रात्रीच उरकायला लागतात. आमच्याकडं कापणीला येणाऱ्या काकू स्पष्टच म्हणाल्या, "आण्णा, पाचला येऊ, पण मग हजेरी तीच नको." बरोबर आहे त्यांचं. मी गटात हाच हिशेब मांडणार आहे: पहाटेची हजेरी वाढवून, सावलीत जुड्या बांधून आणि पुसाची एक खोली बांधून काय खर्च येतो, आणि शीतखोलीच्या हप्त्यापुढं तो किती होतो.

सोसायटीतल्या ताईंसाठी एवढंच. कोथिंबीर आणल्यावर न धुता निवडा, पिवळी-सडकी पानं काढा. सुती कपड्यात सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात नाहीतर खालच्या खणात ठेवा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. हवा ओलसर हवी, पानावर पाणी नको. फळं दुसरीकडं. फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटवू नका, शून्याच्या जरा खाली गेलं तरी पान गोठतं आणि नंतर काळं पडून लगदा होतो. मान टाकली असेल तर देठं थोडी कापून गार पाण्यात अर्धा तास उभी करा, पाणी पिऊन उठते.

बुधवारी गटाची बैठक आहे. तुमच्यापैकी कुणी पुसाची खोली पालेभाजीसाठी वापरली असेल तर त्याआधी कळवा. जुड्या किती मावल्या, पाणी किती वेळा द्यावं लागलं आणि मे महिन्यात कितपत टिकल्या, एवढं लिहिलंत तरी पुरे.